वाचकांचे प्रश्न : रांग, गल्ला आणि स्टारबक्स

मागच्या अंकात स्टारबक्समधल्या नेतृत्वबदलांवर लेख होता. त्यावर आलेल्या पत्रांमधल्या सात प्रश्नांना इथे उत्तरं दिली आहेत. एकाच विषयावरची पत्रं एकत्र केली आहेत.

प्रश्न : लक्ष्मण नरसिंहन हे पुण्याचे, आमच्याच सीओईपी अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेले. ते स्टारबक्सचे प्रमुख झाले तेव्हा फार अभिमान वाटला होता. मग दीड वर्षाच्या आतच त्यांना का जावं लागलं? त्यांचं नेमकं काय चुकलं?
– अभियांत्रिकीची विद्यार्थिनी, पुणे

नरसिंहन यांनी 20 मार्च 2023 रोजी सूत्रं हाती घेतली. 13 ऑगस्ट 2024 रोजी कंपनीने त्यांच्या जागी चिपोट्ले या अमेरिकी उपाहारगृह-साखळीचे प्रमुख ब्रायन निकोल यांची निवड जाहीर केली. त्या एका दिवसात स्टारबक्सचा शेअर सुमारे 24 टक्के वर गेला. पण चुकलं काय, हे शेअर बाजार सांगत नाही. ते पाहायला विक्रीचे आकडे उघडून बघावे लागतात.

जुन्या दुकानांतली विक्री दोन गोष्टींच्या गुणाकाराने ठरते : किती बिलं फाटली आणि एका बिलाची सरासरी रक्कम किती. अमेरिकेतल्या दुकानांचे लागोपाठच्या तीन तिमाहींचे आकडे असे आहेत. मार्च 2024 ला संपलेल्या तिमाहीत बिलांची संख्या 7 टक्के घटली, सरासरी बिल 4 टक्के वाढलं आणि विक्री 3 टक्के खाली आली. जूनच्या तिमाहीत बिलं 6 टक्के कमी, सरासरी बिल 4 टक्के जास्त, विक्री 2 टक्के कमी. सप्टेंबरच्या तिमाहीत बिलं 10 टक्के कमी, सरासरी बिल पुन्हा 4 टक्के जास्त, विक्री 6 टक्के कमी. तिन्ही वेळा सरासरी बिल वाढलेलंच आहे. नुसता गल्ला पाहणाऱ्याला जूनमध्ये वाटलं असतं, दोनच टक्क्यांची तर घट आहे. प्रत्यक्षात दर शंभर बिलांमागे सहा बिलं गायब झाली होती. भाववाढीने ती घट झाकली गेली.

आता त्यांच्याबद्दल न्यायाने बोलायचं तर, हा गुंता त्यांच्या आधीपासूनचा आहे. अ‍ॅपवरून आगाऊ ऑर्डर देण्याची सोय 2015 मध्ये अमेरिकाभर सुरू झाली आणि 2024 पर्यंत तिचा वाटा तीस टक्क्यांच्या पुढे गेला. थंड पेयांचा वाटा तीन चतुर्थांशाच्या आसपास पोचला. दुकानं मात्र गरम कॉफी आणि समोर उभं असलेलं गिऱ्हाईक डोळ्यांपुढे ठेवून आखलेली होती. नरसिंहन यांना काउंटरची माहिती नव्हती असंही नाही. रुजू होण्याआधी त्यांनी 40 तासांचं बरिस्ताचं, म्हणजे कॉफी बनवणाऱ्या कर्मचाऱ्याचं, प्रशिक्षण घेतलं होतं आणि दर महिन्याला अर्धा दिवस दुकानात काम करायचं ठरवलं होतं.

आमच्या मते त्यांचं धोरण फारसं चुकलं नाही, क्रम चुकला. नोव्हेंबर 2023 मध्ये जाहीर केलेल्या योजनेत पाच आघाड्या एकदम उघडल्या होत्या. 2030 पर्यंत जगभरात 55,000 दुकानं, तीन वर्षांत तीन अब्ज डॉलरची बचत, आणि त्यासोबत नवी उपकरणं, डिजिटल विस्तार वगैरे. गिऱ्हाईक कमी होताना दिसलं तेव्हा अ‍ॅपवर सवलती आणि नवी पेयं आणली गेली. पण काउंटर तुंबलेला असताना सवलत दिली की त्याच काउंटरवर आणखी ऑर्डरी येऊन पडतात. नवं पेय आणलं की बरिस्ताला आणखी एक कृती लक्षात ठेवावी लागते. आधी काउंटर मोकळा करायला हवा होता, गिऱ्हाईक बोलावणं त्यानंतरचं काम.

त्यातच मे 2024 मध्ये कंपनीचे जुने प्रमुख हॉवर्ड शुल्ट्झ यांनी जाहीरपणे लिहिलं की दुरुस्ती घरापासून, म्हणजे अमेरिकेतल्या दुकानांपासून सुरू व्हायला हवी आणि वरिष्ठांनी हिरव्या एप्रनवाल्या कर्मचाऱ्यांबरोबर जास्त वेळ घालवायला हवा. शुल्ट्झ तेव्हा कोणत्याही कार्यकारी पदावर नव्हते, पण तीन वेळा कंपनी चालवलेल्या माणसाचा शब्द कर्मचारी आणि गुंतवणूकदार दोघंही ऐकतात. एलियट मॅनेजमेंटसारखा, शेअर घेऊन व्यवस्थापनावर बदलांसाठी दबाव आणणारा आक्रमक गुंतवणूकदारही आत शिरला होता. निकोल आल्यानंतरही जगभरातल्या जुन्या दुकानांतली विक्री वाढलेली दिसायला सप्टेंबर 2025 ची तिमाही उजाडावी लागली. ती वाढही एकच टक्का होती आणि अमेरिकेत शून्य. म्हणजे एका माणसाच्या जाण्यायेण्याने सुटावा असा हा प्रश्न नव्हताच.

प्रश्न : निकोल यांनी चार मिनिटांत कॉफी द्यायची असं ठरवलं, असं वाचलं. माझा छोटा कॅफे आहे. तीन जण काम करतात, तरी संध्याकाळी सहा ते आठ रांग हलत नाही. माणूस वाढवू का? की मशीन मोठं घेऊ?
– कॅफेचालक, नाशिक

आधी दोन्हींपैकी काहीच करू नका. एक वही आणि मोबाइलमधलं घड्याळ घ्या. गर्दीच्या वेळच्या सलग 40 ऑर्डरींच्या तीन वेळा लिहा : ऑर्डर घेतली ती वेळ, करायला हातात घेतली ती वेळ, हातात दिली ती वेळ. पहिल्या दोन वेळांमधलं अंतर म्हणजे थांबणं, नंतरच्या दोन वेळांमधलं अंतर म्हणजे काम. बहुतेक ठिकाणी काम दोन मिनिटांचं आणि थांबणं आठ-दहा मिनिटांचं निघतं. आपण मात्र बरिस्तालाच "हात चालव" म्हणत राहतो.

रांग का फुगते ते हिशेबाने पाहा. समजा एका पेयाला सरासरी दोन मिनिटं लागतात, म्हणजे तासाला 30 पेयं होऊ शकतात. माणसं आपापल्या वेळेला येतात आणि पेयांना कमीजास्त वेळ लागतो, असं धरून रांगेचं साधं गणित मांडलं, तर तासाला 24 ऑर्डरींना सरासरी थांबणं 8 मिनिटं येतं. तासाला 27 ऑर्डरी झाल्या तर तेच 18 मिनिटं होतं. तीन गिऱ्हाइकं वाढली आणि थांबणं दुपटीहून जास्त झालं. आता उलट बाजूने पाहा. 27 ऑर्डरी तशाच ठेवून एका पेयाचा वेळ दोन मिनिटांवरून पावणेदोनवर आणला, तर थांबणं 18 वरून साडेसहा मिनिटांवर येतं. पंधरा सेकंदांची ही किंमत आहे! म्हणून नवा माणूस घेण्याआधी पंधरा सेकंद कुठे सापडतात ते शोधा.

ती बहुधा तीन ठिकाणी सापडतात. पहिली जागा कोल्ड कॉफीची. ब्लेंडरचं भांडं एकच असेल तर ते धुऊन होईपर्यंत सगळं अडून राहतं. भांडी तीन ठेवा आणि बर्फ, दूध, सिरप हात लांबवल्यावर मिळेल असं एका बाजूला मांडा. गरम आणि थंड पेयांच्या जागा वेगळ्या करा. एस्प्रेसोचा शॉट, म्हणजे दाट कॉफीचं एक छोटं माप, पडायला पंचवीस-तीस सेकंद लागतात, दूध वाफवायला साधारण तेवढाच वेळ किंवा थोडा जास्त. शॉट पडत असतानाच दूध वाफेवर चढलं पाहिजे. शॉट पडून गेल्यावर दूध शोधायला फ्रिज उघडणारा बरिस्ता प्रत्येक कपामागे अर्धं मिनिट घालवतो.

दुसरी जागा आहे स्विगी-झोमॅटोच्या ऑर्डरी. स्टारबक्सला अ‍ॅपने जो त्रास दिला तोच आपल्याला या देतात. समोर दोनच माणसं उभी दिसतात, पण त्यांच्या आधी अकरा कप लागलेले असतात आणि समोरच्याला ते कळत नाही. तो चिडतो ते यामुळे. स्टारबक्सने 2025 मध्ये एक प्रणाली आणली. दुकानातल्या, अ‍ॅपवरच्या, गाडीतून आलेल्या आणि घरपोच अशा सगळ्या ऑर्डरी जशा आल्या तशा न घेता त्यांचा क्रम ती ठरवते. समोर उभ्या असलेल्याला चार मिनिटांत आणि अ‍ॅपवाल्याला त्याला सांगितलेल्या वेळेला, हे तिचं उद्दिष्ट. आपल्याला सॉफ्टवेअरची गरज नाही. सहा ते आठ या वेळेत अ‍ॅपवर तयारीचा वेळ दहा मिनिटांनी वाढवून ठेवा. खूपच तुंबलं तर वीस मिनिटं ऑर्डर घेणं थांबवा. समोरच्याच्या दोन ऑर्डरी, मग अ‍ॅपची एक, असा क्रम लावून बघा.

तिसरी जागा मेन्यू, आणि लोक याकडे सगळ्यात कमी पाहतात. निकोल यांनी 2025 अखेरपर्यंत मेन्यू सुमारे 30 टक्के कमी करायचं ठरवलं. साहित्याची बचत होते हा त्यातला लहान फायदा. रांगेच्या त्याच गणितात प्रत्येक पेयाला अगदी सारखाच वेळ लागतो असं धरलं, तर सरासरी थांबणं निम्म्यावर येतं. कामाचा वेग तोच, गिऱ्हाइकं तेवढीच, फक्त वेळेतला चढउतार गेला. दिवसाला चारच कप विकला जाणारा आणि पाच मिनिटं खाणारा पदार्थ त्याच्यामागे उभ्या असलेल्या सगळ्यांना थांबवतो. महिन्याची विक्री काढा आणि तळातल्या पदार्थांसमोर लागणारा वेळ लिहा. ज्याचा वेळ जास्त आणि खप कमी, तो आधी काढा. घरच्यांचा कितीही आवडता असला तरी.

एवढं करून आठवड्यानंतर पुन्हा 40 ऑर्डरी मोजा. तरीही गर्दीच्या वेळी मशीन सलग चालूच राहत असेल, तर मशीनचा विचार करा. मशीन रिकामं आणि माणूस सतत धावताना दिसला, तर माणूस घ्या.

प्रश्न : कोल्हापुरात मोक्याच्या ठिकाणी माझा 1,200 चौरस फुटांचा गाळा आहे. स्टारबक्सची फ्रँचायझी घ्यायला किती डिपॉझिट लागतं?
– गाळेमालक, कोल्हापूर

भारतात ती मिळत नाही. इथली दुकानं टाटा समूह आणि स्टारबक्स यांची निम्म्या-निम्म्या भागीदारीतली कंपनीच चालवते. पहिलं दुकान 19 ऑक्टोबर 2012 रोजी मुंबईत हॉर्निमन सर्कलच्या एल्फिन्स्टन बिल्डिंगमध्ये उघडलं. 2028 पर्यंत 1,000 दुकानं करण्याचा बेत कंपनीने जानेवारी 2024 मध्ये जाहीर केला आहे, त्यामुळे गाळा भाड्याने देण्याचा प्रस्ताव आपण जरूर पाठवू शकता. पण "फ्रँचायझी मिळवून देतो, नोंदणीचे पैसे भरा" असं कुणी सांगत असेल तर एक रुपयाही देऊ नका.

प्रश्न : 2008 मध्ये शुल्ट्झ यांनी प्रशिक्षणासाठी सगळी दुकानं बंद ठेवली होती. ती जाहिरातबाजी होती की खरोखर काही शिकवलं गेलं?
– निवृत्त प्राध्यापक, औरंगाबाद

खरोखर शिकवलं गेलं आणि ते फार मूलभूत होतं. 26 फेब्रुवारी 2008 रोजी संध्याकाळी अमेरिकेतली सुमारे 7,100 दुकानं साडेतीन तास बंद होती. सुमारे 1,35,000 बरिस्तांना एस्प्रेसो आणि दूध या दोनच गोष्टी पुन्हा शिकवल्या. स्टारबक्सच्या तेव्हाच्या मापाप्रमाणे शॉट साधारण 18 ते 23 सेकंदांत पडला पाहिजे. त्याहून लवकर पडला तर पाणचट आणि आंबटसर लागतो, उशीर झाला तर कडवट. पडायला वेळ चुकला तर दळण जाड की बारीक ते बघायचं, आणि बिघडलेला शॉट ओतून द्यायचा. दुधाचं तर फारच बिघडलं होतं. घाईच्या वेळी मोठ्या जगमध्ये दूध आधीच वाफवून ठेवायचं आणि गार झालं की पुन्हा वाफवायचं, अशी सवय लागली होती. एकदा तापून गार झालेल्या दुधाला दुसऱ्यांदा तसा मऊ, चमकदार फेस येत नाही आणि त्याची गोडीही जाते. ती सवय मोडायची होती.

त्याचं मूळ एक वर्ष आधीच्या पत्रात आहे. फेब्रुवारी 2007 मध्ये शुल्ट्झ अध्यक्ष होते, रोजचा कारभार जिम डोनाल्ड यांच्याकडे होता. शुल्ट्झ यांनी वरिष्ठांना लिहिलं की दहा वर्षांत हजारापेक्षा कमी दुकानांची 13,000 झाली, पण वाढीसाठी घेतलेले निर्णय एकेकटे योग्य वाटले तरी सगळे मिळून कॉफीच्या दुकानाचा प्राण गेला. त्यांनी दिलेली उदाहरणं बारीक आहेत. स्वयंचलित मशीनमुळे वेग आला, पण ती इतकी उंच की गिऱ्हाइकाला बरिस्ताचे हातच दिसेनात. हवाबंद पाकिटांमुळे कॉफी ताजी राहिली, पण दुकानात बिया डब्यातून काढून दळण्याचा वास गेला. आम्हाला हे पत्र फार मोलाचं वाटतं. एवढ्या मोठ्या कंपनीचा माणूस वासाबद्दल लिहितो, आणि तेही नफा चांगला असताना.

प्रशिक्षणाने कंपनी लगेच सावरली, असं मात्र नाही. त्याच वर्षी जुलैमध्ये 600 दुकानं बंद करायचं ठरलं, पुढच्या जानेवारीत आणखी 300. त्या 600 पैकी सुमारे 70 टक्के दुकानं आर्थिक वर्ष 2006 च्या सुरुवातीपासून उघडलेली होती, म्हणजे घाईत निवडलेल्या जागा. त्यांतली कित्येक आपल्याच जुन्या दुकानाचं गिऱ्हाईक ओढत होती. निव्वळ नफा 2007 मधल्या सुमारे 67 कोटी डॉलरवरून 2008 मध्ये सुमारे 32 कोटींवर आला. सकाळच्या गरम सँडविचमधलं चीज भट्टीत करपून त्याचा वास कॉफीवर मात करायचा, म्हणून शुल्ट्झ यांनी ती सँडविचं काढायला लावली. भाजण्याचं तापमान कमी करून आणि साहित्य बदलून ती परत आली, कारण तो पैसा सोडून देण्याइतका लहान नव्हता.

प्रश्न : स्टारबक्सच्या कार्डात आणि अ‍ॅपमध्ये लोक आगाऊ पैसे भरतात. हे कंपनीला बिनव्याजी कर्ज मिळाल्यासारखंच आहे ना? छोट्या हॉटेलवाल्याने असं करावं का?
– सनदी लेखापाल, डोंबिवली

हो, बिनव्याजीच, आणि परतफेड कॉफीत. ही रक्कम दीड अब्ज डॉलरहून जास्त आहे आणि ताळेबंदात ती देणं म्हणून दाखवली जाते. जे पैसे कधीच वापरले जाणार नाहीत असा अनुभवावरून अंदाज येतो, ते हळूहळू उत्पन्नात घेतले जातात. खरा फायदा मात्र व्याजाचा नाही. पैसे आधी भरलेले असले की प्रत्येक कपाची किंमत टोचत नाही, गिऱ्हाईक परत येतं आणि कुणी कधी काय घेतलं याची नोंद राहते.

छोट्या हॉटेलात जेवणाच्या कुपनांची पुस्तकं हेच काम करतात. स्वतःच्याच दुकानात वापरायची कुपनं असतील तर रिझर्व्ह बँकेची परवानगी लागत नाही. दुसऱ्यांच्या दुकानात चालणार असतील तर गोष्ट वेगळी. धोका एकच : कुपनाचे पैसे गल्ल्यात मिसळतात आणि भाड्यात खर्च होतात. मग महिनाअखेरीला लोक कुपनं घेऊन येतात तेव्हा भाजी आणायला पैसे नसतात. वेगळं खातं काढा आणि कुपन फाटेल तेवढीच रक्कम रोज गल्ल्यात घ्या.

प्रश्न : सगळ्या जगात चालणारी ही साखळी ऑस्ट्रेलियात का आपटली? आणि चीनमधला हिस्सा का विकला?
– मेलबर्नमधले वाचक, आणि सांगलीहून आलेली दोन पत्रं

आपण मेलबर्नमध्ये आहात, तेव्हा अर्धं उत्तर रोज आपल्या गल्लीत दिसत असेल. इटालियन आणि ग्रीक स्थलांतरितांनी तिथे एस्प्रेसोची सवय कधीच रुजवली होती. कोपऱ्यावरच्या दुकानदाराला गिऱ्हाइकाचं नाव आणि त्याची कॉफी दोन्ही पाठ असतं. 2000 मध्ये आलेल्या स्टारबक्सने तिथे जास्त गोड आणि जास्त महाग कॉफी आणली, आणि मागणी तयार होण्याआधीच दुकानं वाढवली. 2008 मध्ये 84 पैकी 61 दुकानं बंद झाली. इटलीत त्यांनी उलट केलं. शुल्ट्झ यांना अशा कॉफीच्या दुकानाची कल्पना सुचली ती 1983 मध्ये मिलानमध्ये, पण तिथलं पहिलं दुकान 2018 मध्ये उघडलं.

चीनमध्ये हिस्सा विकला हे खरं, पण ते पूर्ण बाहेर पडलेले नाहीत. नोव्हेंबर 2025 मध्ये जाहीर झालेल्या करारानुसार बोयू कॅपिटल ही चिनी गुंतवणूक कंपनी 60 टक्क्यांपर्यंत हिस्सा घेणार आणि 40 टक्के स्टारबक्सकडे राहणार. कारण लकिन ही चिनी कॉफी-साखळी. 2017 मध्ये सुरू झालेली ही कंपनी 2020 मध्ये हिशेबातल्या घोटाळ्यात सापडूनही उभी राहिली. छोटी दुकानं, बसायला जागा जवळजवळ नाहीच, ऑर्डर अ‍ॅपवरूनच, आणि 9.9 युआनला कप. बसायला प्रशस्त जागा आणि मोठं भाडं घेऊन त्या भावाशी लढता येत नाही. लहान शहरांत झपाट्याने जायचं तर स्थानिक भागीदाराचं भांडवल आणि ओळखी लागतात.

प्रश्न : टॉल, ग्रांडे, व्हेंटी यांत कॉफीचा फरक किती असतो?
– महाविद्यालयीन विद्यार्थी, ठाणे

अमेरिकेतल्या मूळ कृतीप्रमाणे गरम लॅटेत टॉल म्हणजे साधारण 355 मिलिलिटर आणि एक शॉट, ग्रांडे 473 मिलिलिटर आणि दोन शॉट, व्हेंटी सुमारे 590 मिलिलिटर आणि शॉट मात्र दोनच. म्हणजे ग्रांडेवरून व्हेंटीवर गेलात की वाढतं ते दूध. थंड लॅटेत व्हेंटीचा कप मोठा असतो, सुमारे 710 मिलिलिटर, आणि त्यात तीन शॉट असतात. कडक हवी असेल तर लहान कप घेऊन एक शॉट जास्त मागा.